राखणीच्या कुत्र्याचे शिक्षण व त्यासाठी जवळ बाळगावयाचा खाऊ

यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्याला आपल्या उत्पन्नाचा अंदाज बांधताना पाऊस, कीड व बाजारभाव ह्यांच्या जोडीला रानडुक्कर आणि रोही ह्यांचा वाटाही हिशेबात धरावा लागतो. तूर फुलोऱ्यास आली आणि हरभऱ्यास घाटे धरू लागले म्हणजे गावोगावी जागल सुरू होते. जागलीस निघालेल्या माणसाजवळ बॅटरी असते, काठी असते, फटाक्यांची माळ असते, आणि बहुधा मागे मागे एक कुत्रे असते. बॅटरीचे सेल तो तपासून घेतो, काठी पारखून घेतो; कुत्र्याला मात्र कोणी काही शिकविलेले नसते. ते जसे वाढले तसेच शेतावर येते. राखणीच्या साधनांपैकी सर्वांत उपयुक्त साधन असे कच्चेच राहून जाते, म्हणून ह्या विषयाकडे ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांचे व शेतकरी बंधुभगिनींचे लक्ष वेधावयाचे योजिले आहे.

न शिकविलेले कुत्रे भुंकत नाही असे नाही. भुंकणे त्याच्या रक्तातच आहे. अडचण भुंकल्यानंतर उत्पन्न होते. कळप उठला की कुत्रे त्याच्या पाठीस लागते, धुरा ओलांडते, शेजाऱ्याचे शेत ओलांडते व नाल्यात उतरते. अडचणीत सापडलेला डुकराचा नर उलटून येतो आणि त्याच्या सुळ्याने कुत्र्याचे पोट फाटल्याची उदाहरणे बहुतेक प्रत्येक गावात ऐकावयास मिळतात. कोणी कुंपणाच्या तारेत बेकायदा वीज सोडलेली असल्यास कुत्रे तेथेच संपते. केळापूर, घाटंजी, राळेगाव व झरी-जामणी ह्या तालुक्यांत तर जंगलाच्या कडेला वाघ आहे, आणि बिबट्याला कुत्र्याइतके सोयीचे भक्ष्य दुसरे नाही. २०१६ ते २०१८ ह्या काळात पांढरकवडा-राळेगाव परिसरात ज्या टी-१ वाघिणीशी तेरा माणसांच्या मृत्यूचा संबंध जोडला गेला व जी २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री मारली गेली, तिची आठवण अद्याप ताजी आहे. त्या दिवसांत अंधारात गेलेल्या आपल्या कुत्र्याला शोधावयास पुढे जावे की न जावे हा प्रश्न कित्येकांपुढे उभा राहिला असेल. कुत्रे परत येत नाही म्हणून मालक त्याच्या मागे अंधारात जातो, हाच खरा धोका होय.

शिवाय कुत्री सोडून वन्य प्राणी मारविणे हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे शिकारीतच मोडते. टिपेश्वरसारख्या अभयारण्याच्या लगतच्या गावांनी तर हे विशेष ध्यानात ठेवावयास हवे. तेव्हा शेतकऱ्याला हवे असलेले कुत्रे शिकारी नव्हे, राखणदार होय. त्याने धुऱ्याच्या आत राहून भुंकावे आणि हाक मारताच, समोर रोह्यांचा कळप असला तरी, मागे फिरून यावे. ह्यांपैकी पहिला गुण उपजत आहे. दुसरा शिकवावा लागतो, आणि तो काठीने शिकविता येत नाही. परत आल्यावर ज्याला मार बसतो ते कुत्रे पुढच्या वेळी परत येत नाही. त्याचे ते चुकते असेही म्हणता येणार नाही.

खाऊ का द्यावयाचा

ज्या कृतीच्या पाठोपाठ जनावराला सुख मिळते ती कृती ते पुनःपुन्हा करते, ही गोष्ट थॉर्नडाइक ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९८ साली पेटीत कोंडलेल्या मांजरांवर प्रयोग करून दाखविली. पेटीची कडी योगायोगाने दाबली जाऊन दार उघडले व बाहेर ठेविलेला मासा मिळाला, म्हणजे पुढच्या खेपेस मांजर ती कडी अधिक लवकर दाबीत असे. आपल्याकडे बैल बंडीला धरताना जाणते सालदार ढेपेचा तुकडा हाती ठेवितात, त्यामागे हेच तत्त्व आहे.

ह्यात ‘पाठोपाठ’ हा शब्द महत्त्वाचा होय. कुत्र्याने हाकेला ओ देऊन आपल्यापाशी येणे आणि त्याला घास मिळणे ह्यांत एकदोन सेकंदांहून अधिक अंतर पडता कामा नये. तेवढ्या वेळात त्याने शेपूट चाटली किंवा दुसऱ्या कुत्र्याकडे पाहिले, तर बक्षीस शेपूट चाटण्याबद्दल मिळाले असा त्याचा समज होतो. कित्येक शेतकरी सांगतात की, ‘आम्ही कुत्र्याला पोटभर भाकर घालतो, तरी ते ऐकत नाही.’ भाकर घरी, संध्याकाळी, ताटलीत मिळते; हाक मारली होती ती सकाळी, शेतात. ह्या दोहोंचा संबंध कुत्र्याने कसा लावावा?

म्हणून खाऊ हा माणसाच्या अंगावर, हाताशी, दिवसभर असला पाहिजे. आणि जो पदार्थ चिकटतो, पाझरतो, भुरभुरतो, वास मारतो किंवा मुंग्या आणतो तो कोणीही दोन दिवसांपेक्षा अधिक काळ जवळ बाळगीत नाही. खाऊ उत्तम असून शिक्षण बंद पडते ते येथे. प्रस्तुत लेखकाने नोकरीच्या पहिल्या वर्षी निवासस्थानी एक पिल्लू पाळले होते आणि त्यास शिकविण्यासाठी गुळाचे खडे सदऱ्याच्या खिशात ठेविले होते. मे महिन्याच्या उन्हात तो गूळ वितळून खिशाला व खिशातील टिपणवहीला असा चिकटला की, पेरणीच्या क्षेत्राचे काही आकडे पुन्हा गावी जाऊन घ्यावे लागले. पिल्लू मात्र सदरा चाटण्यात तरबेज झाले.

कोणता पदार्थ घ्यावा

घास तुरीच्या किंवा फार तर हरभऱ्याच्या दाण्याएवढा असावा. कुत्र्याला बक्षिसाचा आकार कळत नाही, ते मिळाले एवढेच कळते. मोठा तुकडा दिल्यास ते तो घेऊन बाजूला जाऊन चघळीत बसते व धडा तेथेच संपतो. घास कोरडा असावा, बोटांस तेल वा ओल लागू नये, चुरा पडू नये, दोन चावांत गिळला जावा, आणि मिठाचा व साखरेचा अंश जवळजवळ नसावा. ह्या कसोटीवर आपल्या घरात व आठवडी बाजारात मिळणारे पदार्थ लावून पाहू.

फुटाणे हे सर्वांत सोयीचे. ते स्वस्त आहेत, खेड्यात कोठेही मिळतात, खिशात महिनाभर राहिले तरी बिघडत नाहीत आणि हात स्वच्छ राहतो. परंतु कुत्रे दाणा चावीत नाही, गिळते. सालासकट गिळलेला फुटाणा तसाच बाहेर पडतो व अधिक झाल्यास पोटात वायू धरतो. म्हणून साल पाखडून डाळे करावे व तेच वापरावे. खारे किंवा हळद-तिखट लावलेले फुटाणे मुळीच घेऊ नयेत. फुटाण्यास एकच उणीव आहे: त्याला वास कमी. कुत्रे जगाची ओळख नाकाने करून घेते. घराच्या अंगणात डाळ्याच्या दाण्यासाठी धावत येणारे कुत्रे शेतात, डुकराचा वास नाकात भरलेला असता, त्याच दाण्यासाठी मागे वळेलच असे नाही.

ज्वारीची भाकर हे आपल्या कुत्र्याचे नेहमीचे अन्न. शिळ्या भाकरीचे तुकडे वाळवून वापरण्याचा सल्ला काही जण देतात. सल्ला काटकसरीचा आहे, पण ज्वारीच्या पिठात चिकटपणा नसल्यामुळे वाळलेला तुकडा खिशात भुगा होतो. गव्हाच्या पोळीचे तसे होत नाही. शिळी पोळी मंद तव्यावर कडक करून कात्रीने बारीक चौकोन कापले तर ते आठवडाभर टिकतात. घरच्या पोळीवर तेल लावलेले असल्यास ती ह्या कामी घेऊ नये. कोरडा फुलकाच घ्यावा.

भुईमुगाचे भाजलेले दाणे कुत्र्यास आवडतात. ते द्यावयास हरकत नाही, परंतु येथे एक इशारा आवश्यक आहे. पावसात भिजलेल्या शेंगांवर व मक्यावर हिरवट-पिवळी बुरशी धरते. तीत अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते, आणि कुत्र्याचे यकृत त्यापुढे फार दुबळे आहे. माणसांनी निवडून बाजूला काढलेले खवट व काळे दाणे कुत्र्यासमोर टाकण्याची रीत आपल्या घरांत सर्रास दिसते. ती सोडावयास हवी.

ग्लुकोजची बिस्किटे मुलांच्या हातून कुत्र्याला नेहमी मिळतात. त्यांचा चुरा होतो, त्यांत साखर असते, आणि मुख्य म्हणजे मुलांच्या हातातील प्रत्येक बिस्किटावर आपला हक्क आहे असे कुत्र्याला वाटू लागते. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग चांगला, पण तो त्याच दिवशी संपवावा लागतो; पिवळा बलक भुरभुरतो. दूध, दही, तूप ही घरच्या ताटलीत ठीक आहेत, खिशात त्यांचे काम नाही.

आता वासाच्या पदार्थांकडे वळू. आठवडी बाजारात सुकट व सुके झिंगे मिळतात. शेतातील शिक्षणासाठी ह्यांच्या तोडीचा स्वस्त पदार्थ नाही. मीठ काढण्यासाठी ते दोन पाण्यांत धुऊन घ्यावे, उन्हात कडक वाळवावे, डोके व टोकदार काटे काढून टाकावे आणि लहान तुकडे करावे. वास मात्र उग्र असतो. खिशात मोकळे ठेविल्यास घरची माणसे सदरा घराबाहेर टांगावयास लावतील, आणि ते योग्यच होईल. घट्ट झाकणाच्या लहान स्टीलच्या डबीत ते नीट राहतात. कोंबडीची कलेजी हाही फार प्रभावी पदार्थ आहे. ती कच्ची कधीच बाळगू नये. उकडावी, पातळ काप करावे आणि तव्यावर अगदी मंद आचेवर उलटसुलट करून, काप वाकविला असता तुटेल इतके कोरडे करावे. ओलसर कलेजी आपल्या उन्हाळ्यात, जेथे पारा ४२ अंशांच्या वर जातो, काही तासांत नासते. कोरडे काप चारसहा दिवसांत संपवावे.

ज्या घरांत मांसाहार नाही त्यांनी डाळे व पोळीचे चौकोन ह्यांवरच काम भागवावे. त्यानेही कुत्रे शिकते, थोडा अधिक काळ लागतो इतकेच.

घरी करावयाची कुत्र्याची शंकरपाळी

ज्यांना रोजच्यासाठी एकच टिकाऊ पदार्थ करून ठेवावयाचा आहे त्यांनी पुढील रीत करून पाहावी. दोन वाट्या कणीक, अर्धी वाटी बेसन व एक अंडे घ्यावे. कलेजी उकडलेले पाणी शिल्लक असल्यास त्याने, नसल्यास साध्या पाण्याने घट्ट भिजवावे. मीठ, साखर, तेल घालू नये. पोळीपेक्षा किंचित जाड लाटून शंकरपाळ्याप्रमाणे कापावे, पण हरभऱ्याएवढे बारीक. तळावयाचे नाही. जाड बुडाच्या तव्यावर मंद आचेवर अर्धा तास परतून घ्यावे, गार होऊ द्यावे, आणि पुन्हा एकदा परतावे. पहिल्या परतण्याने वरचा भाग भाजतो, आतील ओल दुसऱ्या परतण्याने निघते. ही दुसरी खेप आळसाने टाळली की चौथ्या दिवशी बुरशी धरलीच म्हणून समजावे. घट्ट डब्यात हा खाऊ उन्हाळ्यात पंधरवडाभर राहतो. पावसाळ्यात पाच-सहा दिवसांपुरताच करावा व रोज पाहून, हुंगून मगच भरून घ्यावा.

किती द्यावा ह्याबद्दल सर्वसाधारण नियम असा की, दिवसाच्या एकूण अन्नाच्या दहाव्या भागाहून खाऊ अधिक नसावा, आणि तेवढी भाकर संध्याकाळच्या ताटलीतून कमी करावी. आपल्याकडील देशी हरभऱ्याच्या १०० दाण्यांचे वजन सुमारे २० ते २५ ग्रॅम भरते. म्हणजे दिवसात ५० घास दिले तरी ते १०-१२ ग्रॅमच होतात. खाऊचा खर्च परवडत नाही ही तक्रार म्हणूनच टिकत नाही.

खिसा, हात आणि विष

ह्या लेखातील सर्वांत गंभीर मुद्दा आता सांगावयाचा आहे. आपला जिल्हा पऱ्हाटीचा आहे. २०१७ च्या खरिपात कीटकनाशकांची फवारणी करताना झालेल्या विषबाधेने जिल्ह्यातील वीसएक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. ज्या सदऱ्यावर फवाऱ्याचे तुषार उडतात, त्याच सदऱ्याच्या खिशात आपण कुत्र्याचा खाऊ ठेवणार. ज्या बोटांनी औषध मोजतो, त्याच बोटांनी तो भरवणार. कुत्रे घासाबरोबर बोटेही चाटते. त्याचे वजन पंधरा-वीस किलो, आपले साठ. आपल्याला न जाणवणारा अंश त्याला पुरेसा होऊ शकतो.

घाटंजी तालुक्यातील एका गावी प्रक्षेत्र भेटीच्या वेळी एका शेतकऱ्याने आपले कुत्रे मोठ्या अभिमानाने दाखविले. ‘साहेब, एका हाकेत येते,’ असे म्हणून त्यांनी हाक मारली आणि कुत्रे खरोखरच बाणासारखे आले. बक्षीस देण्यासाठी त्यांनी कमरेची पिशवी सोडून तीतून पांढरी प्लास्टिकची बाटली काढली. बाटली घासून लख्ख केलेली होती. तरी गळ्याशी लेबलाचा तुकडा व त्यावरील विषाच्या खुणेच्या चौकोनाचा कोपरा शिल्लक होता. आत फुटाणे होते. अलीकडे कुत्र्याच्या तोंडून लाळ फार गळते व मागचे पाय थरथरतात, असे त्यांनी आपण होऊन सांगितले. कारण त्यांच्या ध्यानात आले नव्हते. त्याच बाटलीतील फुटाणे त्यांचा नातूही खात होता. बाटली त्याच क्षणी फोडून टाकली. कुत्र्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले व ते वाचले. नातवाला ग्रामीण रुग्णालयात दाखवून आणले. त्याला सुदैवाने काही झाले नव्हते. ते गृहस्थ अडाणी नव्हते, निष्काळजी तर नव्हतेच. बाटली तीन वेळा धुतली होती हे त्यांचे म्हणणे खरे होते. कीटकनाशकाच्या बाटलीला तीन वेळा धुणे पुरत नाही, एवढे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते, आणि सांगण्याचे काम आमचे होते.

सबब खाऊसाठी जाड कापडाचा स्वतंत्र बटवा शिवावा, आत लहान स्टीलची डबी ठेवावी, आणि हा बटवा कमरेला बांधावा. जुन्या सदऱ्याच्या बाहीतून तो फुकट होतो. पानतंबाखूच्या चंचीत खाऊ ठेवू नये, तंबाखू कुत्र्यास विषारी आहे. औषधाची बाटली, तिचे मापाचे झाकण किंवा बियाण्याची पिशवी ह्या कामी कधीही घेऊ नये. फवारणीच्या दिवशी कुत्रे घरी बांधावे. त्या दिवशी फवारणाऱ्याने अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय खाऊ देऊ नये. शक्य तर घरातील दुसऱ्या व्यक्तीने द्यावा. बीजप्रक्रियेच्या दिवसांतही हेच पथ्य पाळावे. लाळ गळणे, बाहुल्या बारीक होणे, स्नायू फडफडणे, लडखडणे ही लक्षणे दिसताच घरगुती उपायांत वेळ न घालविता, औषधाचे लेबल बरोबर घेऊन, कुत्र्यास पशुवैद्यकाकडे न्यावे.

जाता जाता इतर वर्ज्य पदार्थही सांगून ठेवितो. कांदा व लसूण कच्चे, शिजलेले किंवा वाळलेले असोत, कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींचा नाश करतात. म्हणून लसणाची शेव व चिवडा नको. द्राक्षे व मनुका ह्यांनी मूत्रपिंडे निकामी होतात. चॉकलेट विषारी आहे. सरकीतील गॉसिपॉल हे द्रव्य बैलापेक्षा कुत्र्यास फार अधिक बाधते व हृदयावर परिणाम करते, म्हणून कोठ्यातील सरकी व ढेप त्याच्या तोंडापासून दूर ठेवावी. शिजविलेल्या कोंबडीची हाडे फुटून टोकदार होतात आणि आतड्यात रुततात.

शिकविण्याचा क्रम

कुत्र्याला घरची जी व्यक्ती रोज जेवण घालते तिचे ते अधिक ऐकते, आणि ती व्यक्ती बहुधा घरची बाई असते. तेव्हा पहिले धडे तिनेच द्यावे व जागलीस जाणाऱ्या माणसाने शेजारी उभे राहावे, हे उत्तम. तीनचार महिन्यांच्या पिल्लापासून आरंभ करावा; मोठे कुत्रेही शिकते. संध्याकाळच्या जेवणापूर्वी, ऊन उतरल्यावर, पाच मिनिटे पुरेत. सकाळी आणखी पाच.

पहिले काही दिवस अंगणात दोन पावलांवरून नाव घेऊन ‘ये’ म्हणावे. ते येताच ‘शाबास’ म्हणावे आणि लगेच तळहातावर घास द्यावा. ‘शाबास’ हा शब्द नेहमी घासाच्या अगोदर व नेहमी सारख्याच आवाजात यावा. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह ह्यांच्या प्रयोगशाळेत, अन्नापूर्वी ऐकू येणाऱ्या आवाजानेच कुत्र्यांच्या तोंडास लाळ सुटू लागे. तसे ‘शाबास’ ह्या शब्दालाच गोडी येते आणि बटव्यात हात जाईपर्यंतचा क्षण त्या शब्दाने भरून निघतो. नंतर अंतर वाढवावे. अंगणात दहा वेळांपैकी नऊ वेळा ते येऊ लागले म्हणजे शेतावर न्यावे, परंतु दहा मीटर लांबीच्या हलक्या दोरीने बांधून. दोरी ओढावयाची नाही. ते निसटू नये एवढ्यासाठीच ती आहे. येथे डाळे बंद करून सुकट अथवा कलेजी सुरू करावी. धुऱ्यापर्यंत जाऊ द्यावे, हाक मारावी, आल्यावर द्यावे, आणि पुन्हा सोडावे. हे पुन्हा सोडणे फार महत्त्वाचे आहे. प्रत्येक वेळी हाक मारून साखळीच घातली तर हाक म्हणजे मोकळेपणाचा शेवट, असा धडा कुत्रे घेते.

डबी खडखडवून कुत्र्याला बोलावण्याचा मोह पुष्कळांना होतो, कारण ते लगेच येते. खाऊ अगोदर दाखवून किंवा वाजवून बोलावणे ही लालूच झाली; येणे घडल्यानंतर देणे हे बक्षीस. लालचीवर वाढलेले कुत्रे हातात काय आहे हे पाहून येते की न येते ते ठरविते, आणि रात्री दोन वाजता, डबी घरी विसरली असता, ते येत नाही. म्हणून हाक मारताना हात मोकळा दिसला पाहिजे व बटवा शांत राहिला पाहिजे.

घास जमिनीवर टाकू नये. ह्यामागे स्वच्छता हे कारण आहेच, पण त्याहून मोठे दुसरे आहे. डुकरांसाठी विष घातलेले पीठ किंवा पिठात गुंडाळलेले बारुदगोळे शेताच्या कडेला ठेवण्याचे बेकायदा व क्रूर प्रकार घडतात आणि त्यांत गावची कुत्री जबडा उडून मरतात. ज्या कुत्र्याला आपणच जमिनीवरचे उचलून खाण्याची सवय लाविली ते अशा गोळ्याला तोंड घालणारच. घास नेहमी तळहातावर द्यावा, बोटांच्या चिमटीत धरू नये. त्याने दात लागत नाहीत. ह्यापुढचा धडा असा: एका मुठीत साधा फुलक्याचा तुकडा धरून मूठ जमिनीजवळ न्यावी, कुत्रे नाक घासील, पंजा मारील; मूठ उघडू नये. ज्या क्षणी ते तोंड मागे घेईल त्या क्षणी ‘शाबास’ म्हणून दुसऱ्या हातातील सुकट द्यावी. आठदहा दिवसांत ‘सोड’ ह्या शब्दावर ते जमिनीवरच्या वस्तूपासून तोंड वळवू लागते.

अशा रीतीने सहा-सात आठवडे गेल्यावर खाऊ प्रत्येक वेळी देण्याचे कारण उरत नाही. कधी दुसऱ्या, कधी पाचव्या खेपेस द्यावा, पण ‘शाबास’ दर वेळी. केव्हा मिळेल हे निश्चित नसले म्हणजे कुत्रे अधिक तत्परतेने येते. ह्याला एक अपवाद ठेवावा. डुकराच्या किंवा रोह्याच्या मागे लागलेले कुत्रे हाकेसरशी परतले, तर त्या वेळी डबीतील सर्वांत चांगला घास, तोही तीनचार वेळा, दिलाच पाहिजे. त्याने जे सोडले त्याच्या मानाने ते थोडेच आहे.

खाऊ देणाऱ्या हाताचा कुत्र्याच्या तोंडाशी रोज संबंध येतो, म्हणून तीन महिने पूर्ण होताच त्यास पिसाळरोगाची प्रतिबंधक लस टोचून घ्यावी व पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दर वर्षी पुन्हा टोचावी. लस न टोचलेल्या कुत्र्याला मुलांनी हाताने खाऊ देऊ नये. कोणत्याही कुत्र्याचा दात लागल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी ह्याचे प्रात्यक्षिक जागल सुरू होण्यापूर्वी, म्हणजे शक्यतो ऑगस्टमध्ये, ठेवावे. भाषणाची आवश्यकता नाही. गावातील एक शांत स्वभावाचे, लस टोचलेले कुत्रे, त्याची रोज जेवण घालणारी मालकीण, डाळे, फुलक्याचे चौकोन व सुकट ह्यांच्या तीन डब्या आणि दहा मीटर दोरी एवढे साहित्य पुरे. तिन्ही पदार्थ एकापाठोपाठ देऊन कोणत्या घासाला कुत्रे लवकर वळते हे लोकांना पाहू द्यावे. त्याच वेळी घरोघरच्या खाऊच्या व दाण्यांच्या बाटल्या मागवून घ्याव्या आणि त्यांत कीटकनाशकाच्या किती निघतात ते मोजावे. निघालेल्या बाटल्या भोके पाडून निकामी कराव्या आणि त्या घरांना त्याच दिवशी दुसरी डबी देण्याची तजवीज ठेवावी, नाही तर जुनी बाटली फुटल्यावर फुटाणे पुन्हा तशाच एखाद्या बाटलीत जातात.